पैसे गेले? आधी १९३० लावा, बाकी बोलणं नंतर

मागच्या अंकात मी दोनच ओळी टाकल्या होत्या, ऑनलाइन फसवणुकीबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून, तर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की संपादकांना दोन पानं जास्तीची द्यावी लागली. मी बँकेत ३६ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीचशी इंदूरच्याच शाखांमध्ये, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहितीयेत. पण एक गोष्ट बघून जीव तुटला, जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहिलंय "कृपया नाव छापू नका". नाही छापलेलं, कोणाचंच नाही. पण बघा ना, घरात चोर शिरला तर आपण ओरडून गल्ली गोळा करतो आणि खात्यात चोर शिरला तर दार लावून गप्प बसतो, आणि त्या चोराला नेमकं तेच हवं असतं, आपण लाजेपोटी गप्प बसलो की त्याला पैसे पुढे सरकवायला तेवढा वेळ मिळतो.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, शिक्षण खात्यातून रिटायर. त्यांना फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मग व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या ड्रेसमधला माणूस, मागे पोलीस थान्यासारखं ऑफिस, आणि "तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात, घरच्यांना सांगितलं तर त्यांनाही उचलू". दोन दिवस ते खोलीतून बाहेरच आले नाहीत, आम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. ८ लाख आरटीजीएस केलेत, म्हणे तपासून परत देणार होते. आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. आता काही होईल का? आणि ते कोणाशी बोलतच नाहीयेत. — एक सून, सुदामानगर

उत्तर : सूनबाई, हे वाचून पूर्ण होण्याआधी फोन उचला आणि १९३० लावा, चार दिवस झाले असले तरी लावा. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा हा सरकारी नंबर अख्ख्या देशासाठी एकच आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. नाही लागला तर पुन्हा पुन्हा लावा, आणि तोवर घरातलं दुसरं कोणी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला बसू दे. जवळ काय ठेवायचं ते सांगते, सासऱ्यांचा खाते नंबर, आरटीजीएसचा यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, तारीख-वेळ, रक्कम, आणि पैसे गेले त्या खात्याचा नंबर नि आयएफएससी, हे सगळं बँकेच्या पावतीवर मिळेल. तक्रार नोंदली की एक पोचपावती नंबर येतो, तो कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच विचारतात. मग त्याच दिवशी स्वतःच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि थान्यात जा. नवा कायदा आल्यापासून, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, कुठल्याही थान्यात झिरो एफआयआर लिहून घ्यावी लागते, "हे आमच्या हद्दीत नाही" असं सांगून परत पाठवता येत नाही.

१९३० वर होतं काय ते समजलं की घाई का करायची तेही समजेल. तिथला माणूस तुमची तक्रार पोर्टलवर टाकतो, ती ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते, ती बँक बघते की पैसे अजून खात्यात आहेत का, असतील तर तिथेच होल्ड लावते, म्हणजे अडवून ठेवते, आणि पुढे गेले असतील तर ज्या बँकेत गेले तिच्याकडे तक्रार पुढे सरकते. म्हणजे चोर पुढे आणि तक्रार मागे अशी ती शर्यत असते. पहिला तास-दोन तास सोन्याचे. चौथ्या दिवशी सगळं मिळेल असं मी खोटं सांगणार नाही, पण काही रक्कम कुठल्यातरी खात्यात अडकलेली असू शकते, आणि ती कोर्टाच्या आदेशाने परत मिळते, फक्त तक्रारच नसेल तर ती कोणाची आहे हे कोण सांगणार?

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी स्वतः ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मध्ये हे सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग पाऊल उचला असं. पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि तपासणीसाठी पैसे कुठल्या खात्यात टाकायला लावत नाही, रिझर्व्ह बँकेचं असं कुठलंही खातं नसतं.

आता सासऱ्यांबद्दल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी नोकरीत होते तेव्हा आमच्या शाखेत एक रिटायर्ड मास्तर आले, दुपारचे सव्वातीन असतील, तीन एफडी मोडायच्या म्हणाले. कारण विचारलं तर नातीचं अ‍ॅडमिशन. एरवी आले की पाणी पिऊन, गणपतीच्या झांकीच्या गप्पा मारून जाणारा माणूस, त्या दिवशी वर बघेना. शर्टाच्या खिशात फोन, कॅमेरा बाहेर डोकावेल असा उभा ठेवलेला आणि स्क्रीन चालू. मी काही न बोलता विड्रॉल स्लिप उलटी केली आणि मागे लिहिलं, "फोनवर कोणी आहे का? असेल तर इथे सही करा". त्यांनी सही केली, हात इतका थरथरत होता की पेन कागदात रुतला. मी उठून त्यांच्या खिशातला फोन काढला, बंद केला, आणि ते तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्यांनी माझा आधार नंबर बरोबर सांगितला हो, मुलाचं नावसुद्धा". आपली माहिती इतक्या ठिकाणी फुटलेली असते की नाव-पत्ता-आधार बरोबर सांगणं हा काही पुरावा होत नाही, पण त्या क्षणी म्हाताऱ्या माणसाला ते कळत नाही, उलट आयुष्यभर कायदा पाळलेला माणूसच कायद्याच्या नावाने जास्त घाबरतो. तुमचे सासरे मूर्ख नाहीत, ते घाबरले होते आणि घरच्यांना वाचवत होते, हे त्यांना तुम्हीच सांगा, "एवढे शिकलेले असून कसे फसलात" हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. थान्यात जाताना त्यांच्या सोबत जा, आणि दोन-चार दिवस रात्री त्यांना एकटं झोपू देऊ नका.

आणखी एक. थोड्याच दिवसांत कोणाचा तरी फोन येईल, "आम्ही सायबर सेलमधून, तुमचे पैसे सापडलेत, एवढी फी भरा". तीही तीच टोळी किंवा तिचे भाऊबंद. पैसे परत मिळायला आधी पैसे भरावे लागत नाहीत, कधीच.

प्रश्न : नंदानगरमध्ये माझं नमकीनचं दुकान आहे. मागच्या महिन्यात अचानक पेमेंट जाईना, बँकेत गेलो तर म्हणाले खात्यावर सायबरचं होल्ड आहे. कुठल्यातरी गिऱ्हाइकाने क्यूआरवर १,८५० रुपये टाकले होते ते म्हणे फ्रॉडचे होते. माझे अडीच लाख अडकलेत, बेसनवाल्याला, तेलवाल्याला काय देऊ? मी काय चोर आहे का? — एक दुकानदार

उत्तर : दादा, तुम्ही चोर नाही आणि हे फक्त तुमच्याच बाबतीत झालेलं नाही. मी वर सांगितलं ना की तक्रार पैशांच्या मागे मागे जाते, तर चोर ते पैसे असेच खर्चून टाकतो, कुठे नमकीन घेतो, कुठे पेट्रोल भरतो, कुठे मोबाइल, आणि शेवटचा पैसा जिथे पोचला तिथे होल्ड लागतं. ज्या व्यवस्थेने एखाद्या आजोबांचे पैसे वाचतात तिचाच फटका सरळ माणसालाही बसतो. राग येणारच, पण बँकेतल्या पोरावर काढू नका, त्याच्या हातात काहीच नसतं, त्याच्याकडून कामाचे कागद काढून घ्या.

बँकेला लेखी अर्ज द्या आणि चार गोष्टी लेखीच मागा. पोर्टलवरच्या तक्रारीचा पोचपावती नंबर, कुठल्या राज्यातल्या कुठल्या थान्याने होल्ड लावायला सांगितलं, त्या अधिकाऱ्याचा ईमेल, आणि नेमक्या किती रकमेबद्दल. बऱ्याचदा तक्रार असते १,८५० ची आणि बँक भीतीपोटी अख्खं खातंच बंद करून टाकते. तेव्हा अर्जात साफ लिहा की वादातली तेवढीच रक्कम होल्डवर ठेवा, बाकी खातं चालू करा. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये अशाच खातेदारांच्या प्रकरणात बँकांना सांगितलंय की पोलिसांनी जेवढी रक्कम सांगितली तेवढ्यापुरतंच खातं गोठवा, हे अर्जात नमूद केलं तर समोरचा माणूस जरा सावधपणे वाचतो.

मग त्या अधिकाऱ्याला ईमेल आणि सोबत रजिस्टर्ड पोस्ट, त्यात दुकानाचं लायसन्स, जीएसटी असेल तर ते, त्या दिवशीची बिलं, क्यूआर लावलेल्या दुकानाचा फोटो, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. म्हणजे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथे रोज २०, ५०, २०० रुपयांचे शेकडो व्यवहार होतात आणि हा त्यातलाच एक. बिल नसेल तर त्या दिवशीचा तुमच्या वहीतला हिशोब सुद्धा जोडा, नसण्यापेक्षा बरा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलं पण पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, त्यांचा फोन नंबर १४४४८. आणि तरी काम अडलंच तर वकील करून कोर्टात अर्ज. "मी होल्ड काढून देतो, एवढे द्या" म्हणणारे दलाल जेल रोडपासून टेलिग्रामपर्यंत सगळीकडे फिरतायत, त्यांना दारात उभं करू नका.

आणि खातं सुटलं की दुकानाच्या क्यूआरचं खातं वेगळं करा, रोज संध्याकाळी गल्ला मोजतो तसं त्यातले पैसे दुसऱ्या खात्यात वळवायचे. म्हणजे उद्या पुन्हा असं काही झालं तरी मुलांची फी आणि तेलवाल्याचे पैसे अडकणार नाहीत. अनोळखी माणूस "दादा तुमच्या क्यूआरवर ५,००० टाकतो, मला कॅश द्या" म्हणाला तर मात्र हात जोडून नाही म्हणा, कितीही अडचण सांगू दे, दवाखान्याचं नाव घेऊ दे, तरी नाही. तो चोरीचा पैसा तुमच्या हातून धुवून घेत असू शकतो.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून लग्नाचं कार्ड आलं, उघडलं तर काहीच दिसलं नाही. रात्री दोन ते तीनच्या मध्ये तीनदा मिळून ४८,००० गेले, मी ओटीपी कोणालाच दिला नाही. बँक म्हणते तुमचीच चूक. — एक वाचक, वल्लभनगर

उत्तर : ते कार्ड नव्हतं, एपीके फाइल होती. लग्नाचं कार्ड फोटोत येतं, पीडीएफमध्ये येतं, व्हिडिओत येतं, पण नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप असतं, आणि ते फोनमध्ये बसलं की मेसेज वाचायची परवानगी घेतं, मग ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही, ते स्वतःच वाचून पुढे पाठवतं. आणि तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्या सगळ्या नातेवाइकांना तेच कार्ड जातं, म्हणून तर "ओळखीच्या नंबरवरून" आलं. हल्ली हेच ट्रॅफिक चालानच्या नावाने येतं, गॅसच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेचा नंबर लावून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय सगळं बंद करा आणि १९३० ला सांगा. स्क्रीनशॉट-बिनशॉट जे पुरावे घ्यायचे ते घेऊन झाले की फोन फॅक्टरी रीसेट करा, नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, ते कधी कधी लपून बसतं. मग ##००२# डायल करा, म्हणजे तुमचे कॉल कोणी गुपचूप दुसरीकडे वळवले असतील तर ते बंद होतात. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघून अनोळखी काही असेल तर लॉगआउट करा.

आता बँकेचं "तुमचीच चूक". यावर रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ते प्रत्येकाने जवळ ठेवावं असं मला मनापासून वाटतं. त्यात म्हटलंय की व्यवहार तुम्ही केलेलाच नाही, चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिऱ्हाइताने मध्येच घुसून केलाय, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार नाही. ४ ते ७ कामाच्या दिवसांत कळवलंत तर नेहमीच्या बचत खात्यासाठी दर व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० पर्यंतचं नुकसान तुमचं, त्याच्या पुढे गेलात तर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि चूक खातेदाराची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. पण तुम्ही स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, आणि बँक म्हणेल की फाइल बसवली हाही निष्काळजीपणाच, भांडावं लागेल. तरी तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, लेखी अर्ज द्या, त्यात कळवल्याची तारीख-वेळ आणि हे परिपत्रक लिहा, पोच घ्या, मग ३० दिवसांनी लोकपाल आहेतच. मी काउंटरच्या आत बसून पाहिलंय, तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंत हवेत विरते, आवक नंबर पडलेला कागद कोणाला तरी उत्तर द्यायला लावतो.

प्रश्न : पलंग विकायला ऑनलाइन फोटो टाकला होता, घेणारा म्हणाला मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. मी टाकला नाही, पण खरंच असं असतं का? — एक गृहिणी

उत्तर : नसतं, चांगलं केलंत. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, बस. माणसामाणसांतली यूपीआयची कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याने आपल्याकडे पैसे मागायची सोय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केलीय, पण क्यूआर पाठवून फसवणं चालूच आहे. तो नंबर दूरसंचार खात्याच्या संचारसाथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे नोंदवा, पैसे गेले नसतील तरी तिथे सांगता येतं.

प्रश्न : मी भंवरकुआंला राहून तयारी करतोय. रूम पार्टनरच्या ओळखीच्या एकाने सांगितलं की खातं उघडून पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला ५,००० मिळतील, गेमिंग कंपनीचं काम आहे. मी दिलं. आता भीती वाटतेय. घरी सांगितलं तर बाबा मारतील. — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, भीती वाटली हे फार बरं झालं, आजच वाटली हे त्याहून बरं. गेमिंग कंपनीला तुझं खातं कशाला लागेल? तिला स्वतःचं करंट खातं उघडता येतं. याला म्यूल खातं म्हणतात, खेचर जसं दुसऱ्याचं ओझं वाहतं तसं ते चोराचा पैसा वाहतं. वरच्या सूनबाईंच्या सासऱ्यांचे ८ लाख असेच कोणाच्यातरी खात्यात गेलेत, आणि ते खातं बहुतेक तुझ्यासारख्याच एखाद्या पोराचं असेल ज्याला वाटलं की आपण काहीच करत नाहीये. पोलिसांना पहिलं नाव सापडतं ते खातेदाराचं, तुझं, तुझा फोटो, तुझा आधार, तुझी सही. आणि तुझ्या सिमवरून काय काय बोललं जातंय ते वेगळंच. बँकाही हल्ली अशी खाती हुडकतात, रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठीच बनवलंय.

आज बँक उघडी असेल तर आजच, नाहीतर उद्या दार उघडताच शाखेत जा. लेखी दे की हे कार्ड, नेटबँकिंग आणि खातं ताबडतोब बंद करा, माझ्या ताब्यात नाही. सिम कंपनीच्या दुकानात जाऊन सिम बंद कर. संचारसाथीवर तुझ्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, आणखी काही काढली असतील तर तिथेच "माझं नाही" म्हणून कळव. मग बाबांना सांग, आणि त्यांना घेऊन एखाद्या वकिलाला भेटून थान्यात स्वतःहून जाऊन सांग, त्या माणसाशी झालेल्या चॅट डिलीट करू नकोस, त्याच तुझ्या बाजूने बोलतील. मिळालेले पैसे खर्चू नकोस, परत त्या माणसालाही देऊ नकोस. बाबा ओरडतील, ओरडू दे. दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातले पोलीस हॉस्टेलच्या दारात येऊन उभे राहिले तर तेव्हाही बाबांनाच बोलवावं लागेल ना, मग आज बोलवलेलं काय वाईट. आणि बाबा हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पोराने स्वतःहून सांगितलंय, त्याला जवळ घ्या आणि मग चला त्याच्यासोबत.

प्रश्न : माझे मिस्टर एका शेअरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत. ३ लाख भरलेत, अ‍ॅपमध्ये ११ लाख दिसतायत. काढायला गेले तर म्हणतात आधी २० टक्के टॅक्स भरा. ते भरायला निघालेत. — तिलकनगर

उत्तर : भरू देऊ नका, काय वाटेल ते करा. अ‍ॅपमध्ये दिसणारे ११ लाख म्हणजे फक्त आकडा आहे, टाइप केलेला. शेअरच्या नफ्यावरचा टॅक्स आपण आपल्या रिटर्नमध्ये सरकारला भरतो, पैसे काढायच्या आधी ग्रुपवाल्याला नाही. मिस्टरांना खात्री हवी असेल तर त्यांना सांगा, खरे शेअर घेतले असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या डीमॅट खात्यात दिसतील, त्यांचं स्टेटमेंट ईमेलवर येतं, त्यात एक तरी शेअर दाखवा. शिवाय पैसे कोणाच्या खात्यात भरले ते बघा, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाचं किंवा ट्रेडर्सचं खातं निघेल. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांसाठी खास यूपीआय आयडी आणलेत, त्यात अ‍ॅटच्या पुढे व्हॅलिड हा शब्द असतो, आणि खातं खरं आहे का ते सेबी चेकवर बघता येतं. आजच १९३० ला ३ लाखांची तक्रार करा, ग्रुप सोडू नका, आधी सगळे स्क्रीनशॉट घ्या. ग्रुपवर "मला मिळाले, मला मिळाले" म्हणणारे बाकीचे शंभर जण, तेही बहुतेक त्यांचेच.

प्रश्न : मी पुण्यात असतो, आई ७१ वर्षांची, रामबागेत एकटी. पेन्शन येते, फोन चांगला वापरते, पण मला धास्ती वाटते. काय काय लावून देऊ? — एक मुलगा

उत्तर : फोन काढून घेऊ नका एवढं आधी सांगते, बरीच मुलं तेच करतात आणि आई बिचारी लाइटच्या बिलासाठीही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसते.

दोन खाती करा. पेन्शनचं खातं वेगळं, त्यावर यूपीआय नाही, कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद ठेवायचे. दुसऱ्या छोट्या खात्यात महिन्याचा भाजी-दूध-औषधाचा पैसा, तेच फोनला जोडायचं, आणि यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवायची. म्हणजे वाईटात वाईट झालं तरी तेवढेच जातील. एमआधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, अंगठ्यावर पैसे काढायचे प्रकार कियोस्कवर होतात त्यासाठी, गरज पडेल तेव्हा उघडता येतं.

मग आईला येणारे ठरलेले फोन तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे आला की ओळखेल. "आज रात्री साडेनऊला लाइट कटेल, या नंबरवर फोन करा" हा एक, वीज कंपनी अशी मोबाइल नंबरवरून धमकी देत नाही, शंका आली तर १९१२ लावायचा. नोव्हेंबर जवळ आला की "जीवन प्रमाणपत्र ऑनलाइन अपडेट करून देतो, ओटीपी सांगा" हा दुसरा, तो खास पेन्शनरांसाठी, आणि तो माणूस नोकरी लागल्याची तारीख, पेन्शनच्या आदेशाचा पीपीओ नंबर सगळं बरोबर सांगतो म्हणून लोक विश्वास ठेवतात. तिसरा तुमच्याच आवाजातला, "आई, अ‍ॅक्सिडेंट झालाय, या नंबरवर पैसे टाक". आवाज हुबेहूब बनवता येतो आता. त्यासाठी घरातला एक शब्द ठरवून ठेवा जो बाहेर कोणाला माहीत नाही, तुमच्या पाळलेल्या मांजरीचं नाव, आजीच्या गावच्या नदीचं नाव, काहीही. बँकांचे खरे फोन हल्ली १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत असा नियम झालाय, आणि बँकांच्या वेबसाइटच्या शेवटी डॉट बँक डॉट इन असतं, हेही लिहून द्या.

आणि सगळ्यात मोठं काम, तुम्ही तिला एकदा समोर बसवून सांगा की "आई, तुझ्याकडून कधी पैसे गेले तर मी एक शब्द बोलणार नाही, फक्त मला लगेच फोन कर, मी मीटिंगमध्ये असलो तरी". हे फोनवर नका सांगू, इंदूरला याल तेव्हा सांगा. वर सांगितलेल्या त्या मास्तरांना मी नंतर विचारलं होतं, मुलाला का नाही फोन केला, तर म्हणाले, तो फार बिझी असतो.

जाताना तिच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करून द्या, आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावा, खाली तुमचा नंबर आणि समोरच्या काकूंचा.